बाकी

अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघणार आहे म्हणे.
"सदतीस वर्षं तुम्ही फीच्या खिडकीत बसलात, मिस गुम्बान,
कॉलेजचा इतिहास तुम्हीच लिहा.
दोन पानं पुरेत."

माझ्याकडे एकोणीस वह्या आहेत.
कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधले आकडे शाबूत.
वाळवीलाही बहुतेक हिशेब पचत नाही.

सुरुवात तांदळाच्या गोदामात.
युद्ध नुकतंच संपलेलं, पुलाचे खांब अजून नदीत आडवे,
आणि ओनोराता मागबानुआ,
जिचा नवरा डोंगरातून परतलाच नाही,
तिनं छावणीच्या लिलावात सात टाइपरायटर घेतले.
एकाला 'आर'चं बटण नव्हतं.
तेवीस मुली. पाळी आली की त्या यंत्रावर बसायचं,
'आर'ची जागा कोरी ठेवायची
आणि घरी जाण्याआधी शाईनं भरायची.

पहिल्या वहीतली पहिली नोंद तिच्या हातची:
*फेलिसिंदा, डोंगराकडची. अर्धी फी रोख.
उरलेली सुके मासे.*

पुढे खोबरं आलं. खोबऱ्याला भाव असे तेव्हा
आमचं ऑफिस गोडसर कुबट वासानं भरून जाई,
भाव पडला की वर्ग निम्मे.
शाळेचं कॉलेज झालं ते अशाच एका पडत्या वर्षी.
पाटी रंगवायला पैसे नव्हते, म्हणून
जुन्या पाटीवरची 'शिवण व टंकलेखन' ही अक्षरं
नव्या नावाखालून बरीच वर्षं दिसत राहिली.

वादळांचं इथे बारसं होतं.
एकीनं छप्पर नेलं, एकीनं ग्रंथालय भिजवलं,
पुस्तकं दोरीवर वाळत घातली होती
धुतलेल्या कपड्यांसारखी, चिमटे लावून.

आणि ते वर्ष, जेव्हा इतिहासाच्या सरांना,
क्रिसांतो पालमारेसना, जीपमधून नेलं.
वहीत त्याबद्दल एक शब्द नाही.
फक्त पगाराच्या रकान्यात चौदा महिने त्यांचं नाव,
पुढे सही त्यांच्या आईची.
पंधराव्या महिन्यात दोन्ही नाहीत.

मग कुणीतरी सांगितलं, जगाला नर्स हव्यात.
तिसरा मजला जेद्दाहच्या पैशानं चढला,
चौथा बोटींवरच्या खलाशांच्या.
गाव रिकामं होत गेलं, कॉलेज वाढत गेलं.
हे वाक्य समिती कापेल.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात खिडकीपुढे रांग.
प्रत्येकाच्या हातात वचनचिठ्ठी:
भात निघाला की भरू, डुक्कर विकलं की भरू,
आईचे पैसे हाँगकाँगहून आले की.
मी सही बघते, चेहरा बघत नाही.
खोटं. चेहराच बघते.

गेल्या मंगळवारी काठी टेकत एक म्हातारी आली.
"अडुसष्ट साल. नार्सिसा तुपास. काही बाकी निघते का बघा."
रुमालाच्या गाठीत अकरा पेसो चाळीस सेंतावो, मोजून आणलेले.
मी सातवी वही काढली.
नावापुढे ओनोरातांच्या अक्षरात: *मिळाले.*
त्या दिवशीच्या रोकडवहीत मात्र रक्कम आली ती
त्यांच्याच खात्यातून.

मी सांगितलं नाही.
पैसे घेतले, पावती दिली.
तिनं ती दिव्याखाली धरून दोनदा वाचली
आणि निकाल हाती पडलेल्या मुलीसारखी निघून गेली.
तेव्हापासून माझी रोकड जुळत नाही,
अकरा चाळीस जास्त आहेत.
ऑडिटर शुक्रवारी येतोय.

संस्थापिकेचा फोटोही हवाय पहिल्या पानावर.
एकच आहे. ओठ घट्ट मिटलेले.
लोक म्हणतात, करारी बाई.
मला नोकरी देताना ती एकदाच मोकळं हसली होती:
पुढचा एक दात नव्हता,
त्या यंत्रातल्या 'आर'सारखा.